पोएझियाच्या गुहेत आता पोहता येत नाही, मग तिथे जाऊन काय पाहायचं?

इटलीचा नकाशा बुटासारखा दिसतो, आणि त्या बुटाची टाच म्हणजे सालेंतो. या टाचेच्या पूर्व कडेला, एड्रियाटिक समुद्रावर, रोका वेक्किया नावाचं ठिकाण आहे. ते मेलेंदुन्यो गावच्या हद्दीत येतं आणि लेच्चे शहरापासून सुमारे २५ किलोमीटरवर आहे. तिथल्या सपाट, पिवळसर कातळात एक मोठं भगदाड पडलेलं आहे, साधारण ३० मीटर लांब आणि १८ मीटर रुंद. खाली नितळ, निळंहिरवं समुद्राचं पाणी. हीच ग्रोत्ता देल्ला पोएझिया, म्हणजे पोएझियाची गुहा. वर्षानुवर्षं लोक कड्यावरून थेट या पाण्यात उड्या मारत आले, आणि जगभर फिरलेले या जागेचे बहुतेक फोटो त्या उड्यांचेच आहेत.

आता भोवती कुंपण आहे, आत जायला तिकीट लागतं, पोहायला आणि उडी मारायला बंदी आहे. फोटो पाहून तिथवर आलेला माणूस हिरमुसतो, ते साहजिक आहे. पण या बंदीमागे निरनिराळी कारणं आहेत आणि ती उलगडली की या जागेत पाण्याच्या रंगापलीकडे किती काय आहे हे कळतं. त्यासाठी एक धागा हातात धरावा लागतो: गोडं पाणी. गुहा तयार झाली त्याच्यामुळे, नाव बहुधा पडलं त्याच्यावरून, आणि इथे देव वसला तोही पाण्याच्या काठी.

कातळात भगदाड पडलं कसं?

हा किनारा चुनखडीच्या मऊ, सच्छिद्र दगडाचा आहे. शंख-शिंपल्यांचा चुरा समुद्रतळावर साचून, दाबला जाऊन तो बनला. नखाने ओरखडलं तर भुकटी निघावी इतका तो काही ठिकाणी मऊ आहे. पावसाचं पाणी हवेतला आणि मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन दगडात मुरतं, किंचित आम्लधर्मी होतं आणि चुना विरघळवत खाली जातं. विरघळवता विरघळवता ते ‘तृप्त’ होतं, म्हणजे त्यात आणखी चुना मावत नाही. समुद्राचं पाणीही चुन्याच्या बाबतीत तृप्तच असतं. दोन्ही वेगवेगळी असेपर्यंत दगडाला फारसा धोका नाही.

गंमत दोन्ही मिसळल्यावर होते. दोन तृप्त पाणी एकत्र आली की ते मिश्रण पुन्हा भुकेलं होतं आणि नव्याने चुना खाऊ लागतं. कारण पाण्यात चुना किती मावेल हे कार्बन डायऑक्साइडच्या आणि क्षारांच्या प्रमाणावर ठरतं, आणि ते नातं सरळ रेषेत वाढत नाही. त्यामुळे मिश्रणाची भूक दोन्हींच्या सरासरीएवढी न राहता जास्त निघते. जमिनीखालून समुद्राकडे येणारं गोडं पाणी आणि आत शिरणारं खारं पाणी नेमकी किनाऱ्यालगत भेटतात. म्हणून पोकळ्या तिथेच, समुद्रसपाटीच्या आसपास होतात. त्यांना लाटा मग आणखी रुंद करतात.

पोकळी वाढत जाते, वरचं छत पातळ होत जातं. त्यात समुद्राची पातळी खाली गेली तर छताचा आधारच जातो. पाणी दगड उचलून धरतं हे आपल्या सहसा लक्षात येत नाही. भिजलेल्या अशा दगडाचा एक घनमीटर साधारण दोन टन भरतो. तो समुद्रात बुडालेला असताना त्यातला सुमारे एक टन पाणीच पेलतं. पाणी ओसरलं की तो सगळा भार छताच्या पातळ फळीवर येतो, भेगा रुंदावतात आणि एक दिवस छत खाली बसतं. पोएझियाची गुहा ही अशी छत गमावलेली गुहा आहे. आपण ज्याला तलाव समजतो ती तिची जमीन, आणि ज्या कड्यावर उभे राहतो ते तिच्या छताचे उरलेले काठ.

हे एकदा डोक्यात बसलं की सुरक्षेचे नियम वेगळे पाठ करावे लागत नाहीत. काठ खालून पोखरलेले आहेत. वरून भक्कम दिसणारी कड प्रत्यक्षात हवेत लोंबकळणारी फळी असते, आणि ती किती जाड आहे हे तिच्यावर उभं राहून कळत नाही. त्यामुळे कुंपणाच्या आत, काठापासून दोन-तीन पावलं मागेच थांबायचं. काठाला समांतर जाणारी भेग दिसली तर तिच्या समुद्राकडच्या बाजूला पाय टाकायचा नाही. तुटलीच तर फळी तिथूनच तुटणार.

उडीचंही तसंच. छताचे तुकडे विरघळून गेलेले नाहीत, ते तळाशी पडून आहेत. म्हणून तळ सपाट नाही. एका जागी खोल पाणी, तर दोन हातांवर दगडाचं टोक. नितळ पाण्यात तळ आहे त्यापेक्षा वर दिसतो, लाटांनी चकाकणाऱ्या पाण्यात दिसतच नाही, आणि दोन्ही वेळा अंदाज चुकतो. साधारण ५ मीटर उंचीवरून पडणारं शरीर पाण्याला भिडतं तेव्हा त्याचा वेग ताशी ३५ किलोमीटरच्या आसपास असतो. मानेचा मणका मोडायला तेवढा पुरतो. शिवाय कुंड बोगद्यासारख्या वाटेने बाहेरच्या समुद्राला जोडलेलं आहे. बाहेर लाटा असल्या की पाणी त्या वाटेने आत ढकललं जातं आणि परत ओढलं जातं. वरून शांत वाटणाऱ्या पाण्यात ही ओढ जाणवते ती आत गेल्यावरच, आणि बाहेर पडायची जागा शेवाळाने निसरडी असते.

नावाचा घोळ

इटालियनमध्ये पोएझिया म्हणजे कविता. त्यावरून एक दंतकथा सांगतात: एक रूपवती राजकन्या इथे स्नानाला येई, आणि तिला पाहायला जमलेल्या कवींनी तिच्यावर काव्यं रचली. माहितीपत्रकाला शोभणारी गोष्ट आहे. अभ्यासकांना जास्त पटणारा अर्थ मात्र साधा आहे: मध्ययुगीन ग्रीकमधल्या ‘पिणे’ या अर्थाच्या शब्दावरून, म्हणजे पिण्याच्या पाण्याची जागा. सालेंतोत ग्रीक बोलणारे लोक शतकानुशतकं राहत आले. जवळच्या कालिमेरा, मार्तानो अशा गावांत ग्रिको ही त्यांची बोली अजून पूर्ण विझलेली नाही. आणि गुहेत गोड्या पाण्याचा झरा होता. खाऱ्या किनाऱ्यावर गोडं पाणी मिळणं ही माणसांच्या आणि होड्यांच्या दृष्टीने केवढी मोठी गोष्ट असेल! कवितेवाचूनही नाव पडायला तेवढं पुरे आहे.

खरा ठेवा शेजारच्या लहान गुहेत

लोक ज्या कुंडाभोवती गर्दी करतात ती मोठी पोएझिया. तिच्यापासून सुमारे ६० मीटरवर लहान पोएझिया आहे. तिच्या तोंडाशी फारसं कुणी रेंगाळत नाही, आणि आत पर्यटकांना सोडतही नाहीत. या सगळ्या जागेला संरक्षण मिळण्यात तिचा वाटा सगळ्यात मोठा आहे.

१९८३ साली लेच्चे विद्यापीठाचे पुरातत्त्वज्ञ कोझिमो पाल्यारा यांनी या लहान गुहेच्या भिंतींवरचे कोरीव लेख ओळखले. भिंती लेखांनी आणि चिन्हांनी भरून गेलेल्या आहेत. जुन्या रेघांवर नव्या रेघा, एका लेखावर दुसरा लेख. सगळ्यात जुन्या खुणा प्रागैतिहासिक आहेत. त्यानंतर मेसापी भाषेतले लेख येतात आणि पुढे लॅटिनमधले.

मेसापी ही रोमनांच्या आधी सालेंतोत राहणाऱ्या लोकांची भाषा. ती इंडो-युरोपीय कुळातली असून ग्रीकांकडून घेतलेल्या लिपीत लिहिली जाई. इसवी सन पूर्व पहिल्या शतकाच्या सुमारास ती मावळली. तिचे एकूण सुमारे ६०० लेख आज माहीत आहेत आणि बरेचसे थडग्यांवरचे, नुसत्या नावांचे आहेत. अशा भाषेच्या अभ्यासकाला लेखांनी भरलेली अख्खी गुहा सापडणं म्हणजे काय, याची कल्पना करून पाहा. थडग्यावरचा लेख सांगतो कोण मेलं. इथले लेख सांगतात जिवंत माणसं देवाकडे काय घेऊन आली.

त्या देवाचं मेसापी नाव ताओतोर अंदिराहास. लॅटिन लेखांत तोच तुतोर अंद्रायुस होतो. इसवी सन पूर्व २६७-२६६ मध्ये रोमने हा प्रदेश जिंकला, भाषा बदलली, सत्ता बदलली, पण त्याच गुहेत त्याच देवापुढे माथा टेकणं चालू राहिलं. नावाचा उच्चार तेवढा नव्या जिभेला सोयीचा करून घेतला. राज्य बदललं तरी देवस्थान टिकतं, याचा इतका थेट, दगडावर लिहून ठेवलेला पुरावा फार थोड्या ठिकाणी मिळतो.

आता हे लेख ज्या दगडावर आहेत तो आठवा: ओरखडला तर भुकटी होणारा. समुद्राचे तुषार त्याच्या छिद्रांत शिरतात, पाणी सुकतं, मीठ आतच स्फटिक बनून फुगतं आणि कण न् कण सुटा करतं. हे माणसाविनाही चालूच आहे. माणूस त्यात आणखी भर घालतो. ओल्या अंगाने टेकलं की नवं मीठ आणि त्वचेवरची मलमं दगडात मुरतात. हात फिरवला की सैल झालेले कण गळतात. अक्षराची रेघ जेमतेम काही मिलिमीटर खोल, ती शंभर हातांत पुसट होते. आणि दगड मऊ आहे म्हणून किल्लीने आपलं नाव कोरणारा तर एका मिनिटात दोन हजार वर्षांपूर्वीचं नाव खोडून जातो. ही गुहा बंद ठेवली याचं वाईट वाटून घेऊ नये. उघडी असती तर चार उन्हाळ्यांत पाहण्यासारखं काही उरलं नसतं.

वरचं शहर: बहुतेक जण ओलांडून जातात ते

तिकीट काढून लोक तडक कुंडाकडे जातात आणि वाटेतले दगडांचे ढीग पडकी घरं समजून मागे टाकतात. तेच रोका. १९८७ पासून तिथे पद्धतशीर उत्खनन होत आलं आहे, आणि कांस्ययुगीन भूमध्य जगाबद्दल या टेकाडाने जे सांगितलं ते थक्क करणारं आहे.

साडेतीन हजार वर्षांपूर्वी समुद्राची पातळी आजच्यापेक्षा काही मीटर खाली होती, त्यामुळे जमीन समुद्रात आणखी पुढे गेलेली होती. त्या भूशिराचा गळा तोडून टाकणारी सुमारे २०० मीटर लांबीची दगडी तटबंदी लोकांनी उभारली. मोठा दरवाजा ठेवला, आणि भिंतीतून आत-बाहेर करायला अरुंद चोरवाटाही. इसवी सन पूर्व पंधराव्या शतकात वेढा पडला आणि आग लागली. ती एवढी भीषण होती की तटाच्या चुनखडीचा काही भाग भाजून चुना झाला.

त्या एका चोरवाटेत सात जणांचे सांगाडे सापडले, मोठी माणसं आणि मुलं. आग आणि धूर येऊ नये म्हणून त्यांनी वाटेचं तोंड मोठ्या रांजणांनी आडवून घेतलं होतं. धुराने गुदमरून ते तिथेच गेले, आणि वर कोसळलेल्या तटाने त्यांना आजवर झाकून ठेवलं. ज्या दगडांवर बसून लोक सँडविच खातात, तो तट हाच. म्हणून भिंतींवर चढू नका, बसू नका असं सांगतात. गारा किंवा सिमेंट नसलेल्या अशा भिंतीत एक दगड हलला की शेजारचे चार सुटतात, आणि कोणता दगड कुठे होता हा पुरावा तिथेच संपतो.

शहर पुन्हा उभं राहिलं. ग्रीसमधून आलेली मायसीनी (तिथल्या कांस्ययुगीन संस्कृतीच्या) घाटाची मातीची भांडी इथे एवढ्या संख्येने मिळाली की ग्रीसच्या पश्चिमेला असा साठा क्वचितच कुठे असेल. कांस्ययुगाच्या अखेरच्या थरांत सोन्या-काशाच्या वस्तूंचे दडवलेले साठे निघाले, त्यांत सूर्यबिंबासारख्या सोन्याच्या चकत्याही आहेत. इसवी सन पूर्व चौथ्या शतकात मेसापींनी आपला तट बांधला. चौदाव्या शतकात लेच्चेचा सरदार ग्वाल्तिएरी द ब्रिएन याने काटकोनी रस्त्यांचं नवं गाव वसवलं. १४८० साली ऑटोमन तुर्कांच्या फौजांनी याच किनाऱ्यावरचं, दक्षिणेकडचं ओत्रांतो शहर घेतलं तेव्हा रोकाही त्यांच्या हाती गेलं. पुढे चाच्यांना आयता अड्डा मिळू नये म्हणून १५४४ मध्ये सम्राट पाचव्या चार्ल्सच्या अमलाखाली ते पाडून टाकलं आणि लोक आतल्या भागात जाऊन राहिले. त्याच शतकातला टेहळणी बुरूज मात्र अजून किनाऱ्यावर उभा आहे.

बंदी नेमकी कुणाची, आणि मोडली तर?

इथे तीन वेगवेगळे अधिकार एकावर एक बसलेले आहेत, आणि गोंधळ होतो तो त्यामुळेच. जमिनीतल्या आणि भिंतींवरच्या अवशेषांची जबाबदारी राज्याच्या पुरातत्त्व अधीक्षक कार्यालयाची, म्हणजे सोप्रिंतेन्देन्झाची. कडा कोसळण्याचा धोका असेल तर गावचा महापौर हुकूम काढून वाट बंद करतो. आणि समुद्रकिनारा व पाणी येतं बंदर अधिकारी व तटरक्षकांच्या अखत्यारीत. एखाद्या वर्षी एक बंदी सैल झाली तरी बाकीच्या दोन कायम असू शकतात. त्यामुळे ‘गेल्या वर्षी सगळे पोहत होते’ या वाक्याला काही अर्थ नसतो. दारावर लावलेला ताजा हुकूम, म्हणजे ‘ओर्दिनान्झा’, तोच प्रमाण.

फलकांवर हे शब्द भेटतात. ‘दिव्येतो दी बाल्नेआत्सिओने’ म्हणजे पोहायला बंदी. ‘दिव्येतो दी तुफ्फी’ म्हणजे उडी मारायला बंदी. ‘पेरिकोलो दी क्रोल्लो’ म्हणजे कोसळण्याचा धोका. ‘कादुता मास्सी’ असेल तर वरून दगड पडतात, त्या कड्याखाली सावलीलाही बसू नये.

२००४ च्या सांस्कृतिक वारसा कायद्यानुसार इटलीत जमिनीत किंवा समुद्रतळावर सापडणारी पुरातन वस्तू राज्याच्या मालकीची असते. किनाऱ्यापासून ३०० मीटरपर्यंतचा पट्टा निसर्गदृश्य म्हणूनही संरक्षित आहे. पायाखाली खापराचा तुकडा आला तर उचलू नका. तो कुठल्या थरात, कशाच्या शेजारी होता यावरच त्याचं मोल ठरतं; खिशात गेला की ते मोल संपलं. जागेचा फोटो घ्या आणि तिथल्या कर्मचाऱ्यांना दाखवा. कुणी नसेल तर अधीक्षक कार्यालय, महापौर किंवा पोलीस यांना २४ तासांच्या आत कळवणं कायद्याने बंधनकारक आहे.

वारशाची नासधूस हा २०२२ पासून दंडसंहितेतला स्वतंत्र गुन्हा आहे: दोन ते पाच वर्षं कैद आणि २,५०० ते १५,००० युरो दंड. २०२४ च्या कायद्याने त्यावर प्रशासकीय दंडही आला. विद्रूप करण्याला १०,००० ते ४०,००० युरो, मोडतोडीला २०,००० ते ६०,०००. नाव कोरणं हा यातलाच प्रकार.

जायचं ठरवलं तर

ब्रिंदिझी हा जवळचा विमानतळ, पण मुक्काम लेच्चेला ठेवणं सोयीचं. गाडीने लेच्चेहून अर्धा-पाऊण तास लागतो. गाडी नसेल तर उन्हाळ्यात ‘सालेंतो इन बस’च्या गाड्या लेच्चेहून किनाऱ्यावरच्या गावांना जातात. त्या हंगामापुरत्या असतात, त्यामुळे परतीची शेवटची बस जातानाच पाहून ठेवावी.

मे-जून किंवा सप्टेंबरचा उत्तरार्ध उत्तम. ऑगस्टमध्ये सगळी इटली सुट्टीवर असते आणि या किनाऱ्यावर पाय ठेवायला जागा नसते. सकाळी दार उघडताच आत जा आणि आधी कुंडाकडे न जाता अवशेष पाहा. सूर्य खाली असताना तिरपं ऊन पडतं आणि हातभर उंचीच्या भिंतींच्या सावल्या लांब होतात. तेव्हाच रस्ते, खोल्या, कातळात खोदलेले खड्डे आणि कबरी स्पष्ट कळतात. दुपारी तेच सगळं एकसारखं पिवळं दिसतं.

कुंडाचं उलट आहे. तिथे ऊन उभं पडायला हवं. युरोपच्या उन्हाळी वेळेनुसार इथे सूर्य माथ्यावर येतो तो बाराला नव्हे, पाऊण वाजता. जूनमध्ये तो क्षितिजापासून ७३ अंश वर असतो, म्हणून उजेड तळापर्यंत पोचतो आणि फोटोतला तो रंग दिसतो. डिसेंबरात सूर्य भर दुपारीही २६ अंशांवरच राहतो. ५ मीटरच्या कड्याची सावली तेव्हा १० मीटर पडते आणि बरंचसं कुंड काळोखं राहतं.

सावली कुठेच नाही, म्हणून माणशी दीड लिटर पाणी आणि टोपी हवीच. चपला नकोत. खाऱ्या वाऱ्याने खाल्लेला हा दगड वर धारदार होतो आणि मऊ तळव्याला कापतो. पकड असलेले, पुढून बंद बूट घाला. मुलांचा हात सोडू नका. ड्रोन परवानगीशिवाय उडवता येत नाही.

वाराही पाहून घ्या. उत्तरेकडचा ‘त्रामोंताना’ सुटला की या किनाऱ्यावर लाटा आदळतात, तुषार काठावर येतात आणि दगड निसरडा होतो. त्या दिवशी पोहायला टाचेच्या पश्चिमेला, आयोनियन समुद्राकडे जावं. आग्नेयेकडचा ‘शिरोक्को’ वाहत असेल तर इकडचं पाणी सहसा शांत मिळतं.

पोहायची हौस मारायची गरज नाही. दक्षिणेला दोन-तीन किलोमीटरवर तोर्रे देल्लोर्सोचा वाळूचा किनारा आहे, उत्तरेला सान फोका. दोन्हीकडे पाण्यात उतरणं सोपं. समुद्रात कुणी अडचणीत दिसलं तर तटरक्षकांचा आणीबाणीचा क्रमांक १५३०, बाकी कशासाठीही ११२.

संध्याकाळ हाताशी असेल तर लेच्चेला परतताना आकाया गावी थांबा. तिथल्या किल्ल्यात रोकाच्या उत्खननावरचं प्रदर्शन मांडलेलं आहे. जाण्याआधी त्याच्या वेळा विचारून घ्या. सकाळी तट आणि चोरवाटा पाहिलेल्या असल्या की तिथली प्रत्येक वस्तू कुठून आली असेल हे मनाशी जुळवता येतं.